चैत्रपालवीचा रंग आणि आंब्याच्या जाती : मंडणगडाच्या निमित्ताने एक विचार

आंब्याच्या जातींचा इतिहास आजवर बहुतांशी फळावरून लिहिला गेला आहे. हे स्वाभाविकच होय. फळ विकले जाते, भेट म्हणून धाडले जाते, त्यावर कर बसतो, त्याची पत्रांतून वाखाणणी होते. आणि ज्याची देवघेव होते त्याचेच कागद मागे राहतात. झाडाच्या कोवळ्या पानांची देवघेव कोणी करीत नाही. त्यामुळे माघ-फाल्गुनापासून चैत्रापर्यंत कोकणच्या डोंगरउतारांवर तांबूस, विटकरी, पिवळसर, पोपटी अशा नाना छटांची जी पालवी फुटते तिची नोंद इतिहासाच्या साधनांत अपवादानेच आढळते. प्रस्तुत टिपणात या रंगभेदाला जातींच्या इतिहासाचा पुरावा म्हणून कितपत स्थान देता येईल, याचा विचार करावयाचा आहे.

विवेचनासाठी मंडणगड तालुका समोर ठेवला आहे. रत्नागिरी जिल्ह्याचे हे उत्तर टोक. सावित्री नदी आणि बाणकोटची खाडी ही त्याची उत्तरेची सीमा. पलीकडे रायगड जिल्हा. नाना फडणिसांच्या घराण्याचे मूळ गाव वेळास आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे मूळ गाव आंबडवे ही दोन्ही याच तालुक्यात आहेत. (आंबडवे या ग्रामनामात आंबा शोधण्याचा मोह अनेकांस होतो, ग्रामनामांच्या व्युत्पत्तीत असा मोह आवरलेलाच बरा.) बाणकोटचा किल्ला 1756 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला. इंग्रजी अमलाशी या किनाऱ्याचा संबंध असा फार जुना असला, तरी मंडणगड पुढे दीर्घकाळ दापोली तालुक्याचा पेटा म्हणूनच गणला जात असल्यामुळे त्याची माहिती दापोलीच्या माहितीत मिसळून गेली आहे. तालुक्यातील बागाईताचा स्वतंत्र इतिहास लिहू पाहणाऱ्यास कागदांवर विसंबून फार दूर जाता येत नाही. अशा ठिकाणी उभ्या झाडांचीच साक्ष काढणे प्राप्त होते.

ही साक्ष कशी असते ते प्रथम पाहू. रायवळ आंबा कोयीपासून उगवतो. आंब्यात परपरागीभवन मोठ्या प्रमाणावर होते आणि आपल्याकडील बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो. त्यामुळे कोयीपासून उगवलेले प्रत्येक रोप ही एक नवीनच व्यक्ती असते. एकाच झाडाखाली पडलेल्या दहा कोयींपासून दहा प्रकारची झाडे होतात, आणि हा वेगळेपणा जसा फळात तसाच पालवीतही उतरतो. उलट कलमी आंब्याचे प्रत्येक झाड हे मूळ झाडाचाच विस्तार असते. म्हणून रायवळ झाडांनी भरलेला उतार पालवीच्या दिवसांत ठिगळे लावलेल्या गोधडीसारखा दिसतो, तर हापूसची एका वयाची, एका मशागतीतील बाग एकाच छटेकडे झुकलेली दिसते. कोसंबाशी तुलना केली म्हणजे मुद्दा अधिक स्पष्ट होईल. कोसंबाची पालवी लालभडक असते आणि या झाडाची ती सर्वत्र ओळख आहे. तो रंग पाहून आपण ‘कोसंब’ एवढेच म्हणतो. आंब्याच्या बाबतीत रंग केवळ ‘आंबा’ असे सांगून थांबत नाही. तो ‘हे झाड’ असे बोट दाखवून सांगू पाहतो. तो खरोखर तसे सांगू शकतो काय, हाच या टिपणाचा प्रश्न आहे.

प्राचीन वाङ्मयात कोवळ्या पानांच्या रंगाकडे दुर्लक्ष झालेले नाही. संस्कृतात ‘प्रवाल’ हा एकच शब्द पोवळ्यालाही लावतात आणि कोवळ्या फुटीलाही; यावरून त्या फुटीत प्रथम कोणता रंग दिसला हे उघड आहे. शाकुंतलाच्या सहाव्या अंकाच्या आरंभी उद्यानातील दोन सेविका आंब्याची कळी न्याहाळतात, तेथे तांबूस, हिरवट आणि फिकट अशा तीन छटा एकाच कळीच्या ठायी सांगितल्या आहेत. पण ही दृष्टी ऋतूकडे पाहणारी आहे, जातीकडे नव्हे. कलशावर ठेवण्याच्या पंचपल्लवांत आम्रपल्लव येतो. तो अमुक झाडाचा असावा असा आग्रह तेथेही नसतो.

पालवीच्या रंगांची यादी म्हणता येईल अशी नोंद आढळते ती अबुल फज्लच्या ‘आइन-इ-अकबरी’त, म्हणजे 1590 च्या दशकात. ब्लॉखमन याने या ग्रंथाच्या पहिल्या भागाचे इंग्रजी भाषांतर 1873 मध्ये पुरे केले, त्यामुळे तो मजकूर अभ्यासकांस सुलभ आहे. आंब्याचे वर्णन करताना ग्रंथकार त्याच्या पानांकडे वळतो आणि नवी पाने हिरवी, पिवळी, नारिंगी, सप्ताळूच्या रंगाची व भडक लाल अशी दिसतात, असे सांगतो. एवढ्या बारकाईने पाहिलेली पालवी त्यापूर्वीच्या लेखनात क्वचितच भेटेल.

परंतु या यादीचा अर्थ लावताना सावध राहिले पाहिजे. हे पाच रंग पाच प्रकारच्या झाडांचे आहेत, की एकाच झाडावरील पाच दिवसांचे? आंब्याची फूट सबंध झाडाला एकाच वेळी येईल असे नसते. आज दक्षिणेकडील फांद्या पालवतात, तर पंधरवड्याने उत्तरेकडील. प्रत्येक पानही रंग बदलत जाते. प्रथम ते लालसर किंवा ताम्रवर्णी, लोंबते व लिबलिबीत असते. मग फिकट होत जाते, पुढे पोपटी होते आणि काही आठवड्यांनी गर्द हिरवे व चिवट बनते. तेव्हा अबुल फज्लची सारी यादी एकाच झाडाखाली उभे राहून तयार करता येण्यासारखी आहे. त्याने जाती पाहिल्या की अवस्था, याचा निर्णय मजकुरावरून होत नाही. आमच्या मते अवस्था पाहिल्या असण्याचा संभव अधिक. कारण जातींचा भेद मनात असता तर फळांच्या वर्णनाप्रमाणे पानांच्या वर्णनातही त्याने स्थळांची वा नावांची जोड दिली असती.

याच्या नेमकी उलट स्थिती पोर्तुगीज अमलातील गोव्याची. तेथे नावे भरपूर आहेत, पाने मात्र नाहीत. निकोलाव मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने अठराव्या शतकाच्या आरंभीच्या सुमारास गोव्यातील आंब्यांची जी नामावली दिली आहे तीत निकोलाव आफोंसो, जुवांव पेरेरा अशी माणसांची नावे धारण करणारे आंबे आहेत. आफोंसोपासून आपला ‘हापूस’ आला हे सर्वमान्य आहे. ‘पायरी’चा संबंध पेरेराशी जोडतात. त्याच नामावलीत पांढरा करेरा आणि तांबडा करेरा अशी रंगावरून फोड केलेली जोडीही आहे. गोव्यातला ‘मानकुराद’ हा शब्द ‘वाईट रंगाचा’ या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दापासून आलेला मानतात. म्हणजे रंगावरून नाव देण्याची प्रथा कलमांच्या त्या पहिल्या युगातही होती. पण ज्याकडे पाहिले तो रंग फळाच्या सालीचा. कलम बांधणाऱ्याने, बागाईतदाराने किंवा प्रवाशाने पालवीवरून आंब्याचे नाव ठेवल्याचे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

येथे एका दूरच्या देशाची तुलना उद्बोधक ठरेल. जपानात ज्याला ‘मोमिजी’ म्हणतात त्या मॅपल वृक्षाच्या जातींची निवड फळासाठी झाली नाही, छायेसाठीही नाही; ती केवळ पानांच्या आकारासाठी व रंगासाठी झाली. एदो नगराजवळील सोमेई या गावी झाडांचा व्यवसाय करणाऱ्या इतो इहेई घराण्यातील पुरुषाने 1710 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा छत्तीस मॅपलांची नावे दिली आहेत. यानंतर सुमारे पाऊण शतकाने, 1784 मध्ये, स्वीडनच्या थुनबेर्गने या वृक्षास शास्त्रीय नाव दिले. शास्त्राच्या कितीतरी आधी बाजाराने पानांचे वर्गीकरण केले होते, ही लक्षणीय गोष्ट होय. आजही तेथील ‘देशोजो’, ‘शिन-देशोजो’, ‘चिशिओ’ या जाती वसंतातील लाल पालवीसाठी लावल्या जातात, तर ‘कात्सुरा’ तिच्या नारिंगी-पिवळ्या पालवीसाठी. पहिल्या तिन्ही उन्हाळ्यात हिरव्या होतात. त्यांची परस्परांशी तुलना करावयाची तर ती वसंतातल्या त्या थोड्या आठवड्यांतच करावी लागते.

मग कोकणात असे का झाले नाही? आपल्याकडील लोकांस रंगाची दृष्टी नव्हती, असे उत्तर कोणी देऊ लागला तर ते वरील संस्कृत शब्दानेच खोडले जाते. खरे कारण दोन वृक्षांच्या स्वभावात आहे. मोमिजी हा थंड प्रदेशातील पानगळीचा वृक्ष. हिवाळ्यात तो निष्पर्ण होतो आणि वसंतात सबंध झाड एकदम पालवते. म्हणजे निसर्गानेच तुलनेची तिथी ठरवून दिलेली असते. एका बागेतील दहा झाडे एका आठवड्यात एकाच अवस्थेत पाहता येतात. आंबा सदापर्णी. त्याची पालवी पावसाळ्यानंतर आश्विन-कार्तिकात येते, माघ-फाल्गुनात येते, फळे उतरल्यावरही येते. कोणत्या झाडाला, कोणत्या फांदीला केव्हा येईल याचा नेम नाही. ज्याची तिथी ठरलेली नाही त्या रंगावरून नाव ठेवता येत नाही. जपानच्या माळ्यास जो रंग खूण म्हणून उपयोगी पडला तो कोकणच्या माळ्यास पडला नाही, याचे मूळ अभिरुचीपेक्षा ऋतुमानात अधिक आहे.

कोकणच्या माळ्याने पालवीचा रंग वाचलाच नाही, असे मात्र नव्हे. त्याने तो जातीची खूण म्हणून वाचला नाही, वयाची खूण म्हणून वाचला. जुन्या भेट कलमाच्या पद्धतीत कुंडीतील रोप मातृवृक्षाच्या फांदीशी नेऊन बांधीत आणि जोड एकजीव झाल्यावर ती फांदी झाडापासून तोडीत. पुढे, 1972 मध्ये दापोली येथे कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यानंतरच्या काळात, कोय कलमाचा प्रसार झाला. या पद्धतीत कोय रुजून वर आलेले, दोन-तीन आठवड्यांच्या आतले कोवळे रोप खुंट म्हणून घेतात, आणि ते योग्य वयाचे आहे की नाही हे ओळखण्याची खूण म्हणजे त्याच्या पानांचा तांबूस रंग. पाने हिरवी पडू लागली की रोप जून झाले, असे समजतात. कलम लागल्यावर जोडाच्या खालून खुंटाची फूट येते, ती वेळच्या वेळी खुडावी लागते. वर कलमाची फूट व खाली रायवळ खुंटाची फूट अशी एका देठावर दोन कुळांची पालवी शेजारी शेजारी, जवळपास एकाच वयाची, कलमांच्या वाफ्यात दिसते. रंगभेदाच्या अभ्यासासाठी याहून सोयीची जागा शोधूनही मिळणार नाही. विद्यार्थ्यांनी तिचा उपयोग करून घ्यावा.

शास्त्रीय वर्गीकरणाकडे वळले तर तेथेही फळाचेच प्राधान्य दिसते. पुण्याच्या गणेशखिंड वनस्पति-उद्यानाशी संबंधित असलेले वुड्रो यांचे आंब्यावरील पुस्तक 1904 चे. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातील बर्न्स व प्रयाग यांचे 1921 चे. या दोन्हींचा भर मुख्यतः फळाच्या आकारावर व लक्षणांवर आहे. दक्षिण भारतातील आंब्यांवरील नाईक व गांगुली यांचा प्रबंध 1950 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि भारतीय कृषि संशोधन परिषदेचा आंब्यावरील मोठा ग्रंथ 1957 मध्ये. या काळापासून झाडाचा घाट, पाने, मोहोर यांनाही वर्णनात हळूहळू स्थान मिळू लागले. आंतरराष्ट्रीय वनस्पति-जननद्रव्य संस्थेने 2006 मध्ये आंब्याच्या वर्णनासाठी जी लक्षणसूची प्रसिद्ध केली तीत कोवळ्या पानाचा रंग हे स्वतंत्र लक्षण असून फिकट हिरव्यापासून गडद ताम्रवर्णापर्यंत त्याच्या पायऱ्या ठरवून दिलेल्या आहेत. अबुल फज्लच्या यादीनंतर चारशे वर्षांनी रंग आणि जातीचे नाव ही दोन्ही एका ओळीत आली ती अशी.

तरीही अडचण संपली असे मानण्याचे कारण नाही. पायऱ्या ठरल्या, पण पाहणाऱ्याने ‘तांबूस’ कशास म्हणावे? मराठीत तांबूस, तांबडा, विटकरी, किरमिजी, जांभळट या शब्दांच्या सीमा बोलणाऱ्याप्रमाणे हलतात. या अडचणीवर उपाय म्हणून पश्चिमेत रंगपट्टिका निघाल्या: रिजवेची 1912 मधील, आणि लंडनच्या राजकीय उद्यानविद्या संस्थेची 1938 पासूनची व नव्या रूपात 1966 ची. पट्टिका वापरली तरी पानाचे वय, ते उन्हातील की सावलीतील, खताचे मान, रात्रीचा गारवा ही सारी बदलती मापे उरतातच. पानाला लाली येते ती अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे, आणि ती डोळ्यांत भरते ती हरितद्रव्य अद्याप पुरते तयार झालेले नसल्यामुळे. म्हणजे जे दिसते ते दोन द्रव्यांच्या रोज बदलणाऱ्या प्रमाणाचे फळ असते. मोमिजीतील लालीही याच द्रव्याची आहे. उष्ण कटिबंधातील पाने उशिरा हिरवी होतात याचे कारण, कीड कोवळे पान खाते तेव्हा झाडाचे नुकसान कमी व्हावे हे असावे, असे मत पनामातील अभ्यासावरून कुर्सार व कोली यांनी 1992 मध्ये मांडले आहे. त्याची चर्चा वनस्पतिशास्त्रज्ञांनी करावी. इतिहासाच्या अभ्यासकाने एवढेच ध्यानात ठेवावे, की पानाचे वय न नोंदवता दिलेला रंग पुरावा म्हणून निरुपयोगी आहे.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू. कवीस जी पालवी आनंदाची, ती हापूसच्या बागाईतदारास अनेकदा चिंतेची असते. हापूस हा एक वर्षाआड भरघोस फळणारा वृक्ष. ज्या काडीवर पालवी येते ती त्या वेळेपुरती मोहोराला मुकते. फूट जून झाल्याशिवाय तिच्यावर मोहोर येत नाही. म्हणून थंडीत, मोहोराच्या ऐन हंगामात बाग तांबूस पालवीने नटली, तर त्या वर्षीचे उत्पन्न गेले किंवा निदान लांबले असे समजावयाचे. जपानी माळी वर्षभर ज्या दृश्याची वाट पाहतो, ते आपल्या बागेत दिसू नये अशी कोकणच्या बागाईतदाराची इच्छा असते!

ही इच्छा बऱ्याच अंशी पुरी करण्याचे साधन गेल्या शतकाच्या अखेरीस मिळाले. पॅक्लोब्युट्राझोल हे वाढनिरोधक द्रव्य झाडातील जिबरेलिनची निर्मिती रोखते. नवी फूट थोपते आणि मोहोरास वाव मिळतो. दापोलीच्या विद्यापीठाने हापूसवर त्याचे प्रयोग केले, आणि आषाढ-श्रावणाच्या सुमारास झाडाच्या बुंध्याभोवती मातीत ते देण्याची पद्धत कोकणात रूढ झाली. त्याचे आर्थिक लाभ सुपरिचित आहेत, अतिवापराचे दोषही चर्चिले गेले आहेत. आमच्या विषयाच्या दृष्टीने परिणाम असा, की जेथे हे द्रव्य नियमाने दिले जाते तेथील बागेचे ऋतुमान मानवाने बदललेले आहे. तेथील पालवीच्या वेळांवरून पूर्वीच्या बागांविषयी अनुमान करणे धोक्याचे होय. कोकणच्या वसंतातील रंगाचा इतिहास असा दोनदा वळला आहे: प्रथम कलमाने छटा कमी केल्या, मग औषधाने पालवीचे प्रमाण.

या सर्वांवरून मंडणगडासारख्या प्रदेशात पालवीच्या साक्षीवर कोणते काम सोपवावे? जात सिद्ध करण्याचे काम तिच्यावर सोपवू नये. दोन झाडांची पालवी एका छटेची आहे म्हणून ती एका कुळाची, असे म्हणता येणार नाही. कारण रायवळांच्या असंख्य छटांत हापूसच्या छटेशी जुळणारी एखादी सहज सापडेल. पण निषेधाच्या बाजूने ही साक्ष बरीच बळकट आहे. एकाच जागी, सारख्या उन्हात, समान वयाची पाने जर दोन झाडांवर ठळकपणे निरनिराळ्या रंगांची असतील, तर ती एका मातृवृक्षाची कलमे नव्हेत असे पुष्कळ निश्चयाने म्हणता येते. कलम विकत घेणाऱ्यास फळ दिसण्यापूर्वी चार-पाच वर्षे वाट पाहावी लागते. या काळात फसवणुकीविरुद्ध जे थोडे पुरावे हाती असतात त्यांत हा एक आहे, आणि तो फुकट मिळतो.

इतिहासाच्या दृष्टीने त्याहून मोलाचे काम म्हणजे सीमा दाखविण्याचे. डोंगरउतारावर जेथे गोधडीसारखा रंग संपून एकरंगी पट्टा सुरू होतो, ती बहुधा कोयीच्या लागवडीची आणि कलमी लागवडीची सीमा असते. ही सीमा खाडीकाठाकडे कशी झुकते, घाटाकडे कोठे थांबते, बंदरापासूनच्या अंतराशी तिचा संबंध लागतो काय, हे प्रश्न विचारण्याजोगे आहेत. कारण आंबा मुंबईस गलबतांनी व आगबोटींनी जात असे त्या काळात कलमी झाड लावणे कोणास परवडेल हे पुष्कळसे बंदराच्या अंतरावर अवलंबून होते. बाणकोटच्या खाडीकाठची गावे आणि तालुक्याच्या पूर्वेकडील डोंगरगावे यांची अशी पाहणी एका वसंतात दोन-तीन विद्यार्थ्यांस करता येईल. अशा पाहणीत कागदाच्या अभावी जे हाती लागत नाही त्यातले काही झाडांवरून हाती लागेल, असे आम्हांस वाटते. पडताळ्यासाठी वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रातून निघालेले संकर उपयोगी पडतील. नीलम व हापूस यांच्या संकरातून आलेला ‘रत्ना’ 1981 मध्ये प्रसारित झाला, आणि रत्ना व हापूस यांच्या संकरातील ‘सिंधू’ 1992 मध्ये. येथे आईबाप निश्चित ठाऊक आहेत. तेव्हा पालवीचा रंग पिढीतून पिढीत कसा उतरतो, हे या तीन पिढ्यांची झाडे शेजारी ठेवून पाहता येते. रायवळांविषयी करावयाच्या अनुमानांस तेवढाच काय तो पक्का आधार.

काम लवकर हाती घेण्याचे एक कारण आहे. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्यात रत्नागिरी जिल्हा येतो. कलमाची राखण करणारे पुष्कळ आहेत. रायवळाचे तसे नाही. त्याच्या लाकडाच्या फळ्या व खोकी होतात, आणि जुने, उंच, फळ उतरवण्यास अवघड असे झाड मालकास लाकूड म्हणून अधिक किफायतीचे वाटू लागते. महाराष्ट्र वृक्षतोड नियमन अधिनियम, 1964 याच्या अनुसूचीत आंब्याचा समावेश असल्यामुळे तोडण्यास परवानगी लागते खरी. पण त्या अनुसूचीत ‘आंबा’ एवढाच शब्द आहे. तोडलेले झाड कलमी होते की रायवळ, आणि रायवळ असल्यास त्याची पालवी कोणत्या रंगाची होती, याची नोंद ठेवणारी वही कोठेच नाही.